आमच्या मजल्यावर विकेट उशिरा पडते

आमच्या सोसायटीत एकच विकेट सहा वेळा पडते.

पहिल्यांदा ती तळमजल्यावरच्या आजोबांकडे पडते. त्यांच्या घरात टीव्ही आहे, पण रिमोट नातवंडांच्या ताब्यात. म्हणून आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचं धावतं वर्णन ऐकत बसतात. ते ओरडत नाहीत. नुसतं "गेला" म्हणतात, आणि तेही अशा सुरात की मध्यंतरी नवीन आलेला एक भाडेकरू पांढरा शर्ट घालून भेटायला आला होता.

दुसऱ्यांदा विकेट वॉचमनच्या केबिनमध्ये पडते. त्याने केबिनच्या पत्र्यावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री ठोकली आहे. महिन्याचं भाडं शून्य. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे हक्क कोणीही कितीही कोटींना घेतले, तरी त्याला ते चित्रण दूरदर्शनला द्यावंच लागतं, असा २००७ सालचा कायदा आहे. आमच्या सोसायटीत या कायद्याचा लाभार्थी एकच. तो शिट्टी मारतो. तिसऱ्यांदा ती पहिल्या मजल्यावर पडते, तिथे पैसे भरून घेतलेली छत्री आहे. चौथ्यांदा दुसऱ्या मजल्यावर, तिथे इंटरनेट कंपनीनेच दिलेला डबा आहे. पाचव्यांदा आमच्याकडे: फायबरचं कनेक्शन, स्मार्ट टीव्ही, त्यावर ॲप, ॲपचं वर्षाचं वर्गणीशुल्क आगाऊ भरलेलं. आणि अगदी शेवटी, सगळे शांत झाल्यावर, सगळ्यात वरच्या मजल्यावरून "येस्स!" अशी आरोळी येते. त्या घरात ७५ इंची टीव्ही आहे, फोरके चित्र आहे, आणि बसायला मागे रेलणाऱ्या खुर्च्या आहेत. त्यांना गवताचं पातं न् पातं दिसतं. फक्त ते मघाचं असतं.

म्हणजे हिशेब सरळ आहे. फुकट ऐकणाऱ्याला सगळ्यात आधी, फुकट बघणाऱ्याला त्यानंतर, आणि जो जितके जास्त पैसे मोजतो त्याला तितकं शिळं. हे मी वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना लिफ्टमध्ये सांगून पाहिलं. ते म्हणाले, "पण क्लॅरिटी बघा ना!"

आमच्या मजल्याची अवस्था त्यातल्या त्यात बिकट. आमच्या पडद्यावर गोलंदाज पँटला चेंडू घासत असतो आणि खालून शिट्टी येते. आता पुढचा चेंडू कसा बघायचा? विकेट पडणार हे ठाऊक; कशी पडणार एवढंच बघायचं उरतं. माझ्या मुलाने यातून मार्ग काढला. पाहुणे मंडळी सामना बघायला आली की हा खिडकीजवळची जागा पटकावतो आणि शांतपणे म्हणतो, "मला वाटतं, हा आता जाणार." दोन आत्या त्याला क्रिकेटमधला जाणकार समजतात. पण त्याच्यावरही मात करणारी वस्तू म्हणजे त्याच्याच खिशातला फोन. ज्या ॲपवर आम्ही सामना बघतो, तेच ॲप फोनवर धावसंख्येचा निरोप पाठवतं, आणि तो निरोप चित्राच्या आधी येतो. एकाच कंपनीचा उजवा हात सांगतो, बाद झाला. डावा हात दाखवतो, अजून खेळतोय.

आता हा उशीर होतो कुठे? आमच्या सोसायटीचं एकमत असं की चित्र लांबून येतं म्हणून वेळ लागतो. तसं मुळीच नाही. छत्रीवर येणारं चित्र पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर असलेल्या उपग्रहापर्यंत जातं आणि तितकंच खाली येतं. या सगळ्या प्रवासाला सेकंदाचा पाव भाग लागतो. आमचं चित्र मात्र बहुधा मुंबईतल्याच एखाद्या इमारतीतून निघतं आणि दीडेकशे किलोमीटर काचेच्या तारेतून येतं. त्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. जाण्याला वेळ लागत नाही, थांबण्याला लागतो. मुंबई-पुणे रस्त्याने नेहमी ये-जा करणाऱ्यांना हे फोड करून सांगायला नको.

थांबे मोजा. मैदानातल्या कॅमेऱ्यांतून चित्र बाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये येतं. तिथून ते प्रक्षेपण केंद्रात जातं. समालोचन, धावसंख्येची पाटी, जाहिराती हे सगळं तिथे चढतं. इथवर सगळ्यांचा रस्ता एक. पुढे इंटरनेटची वाट फुटली की तेच चित्र एका यंत्रात जातं. ते यंत्र त्याच्या पाच-सहा प्रती बनवतं: एक अगदी धुरकट, एक बरी, एक चांगली, एक लखलखीत. मग प्रत्येक प्रतीचे तुकडे पाडले जातात. ॲपलने २००९ साली ही तुकड्यांची पद्धत आणली तेव्हा एक तुकडा दहा सेकंदांचा असे; पुढे त्यांनी सहा सेकंदांची शिफारस केली. सहा सेकंदांचा तुकडा पाडायचा तर आधी सहा सेकंद घडावी लागतात. तोवर चेंडू टाकून, मारून, अडवून झालेला असतो. तुकडा तयार झाला की यादीत त्याचं नाव चढतं. आपला टीव्ही दर थोड्या वेळाने ती यादी मागवतो, नवीन तुकडा दिसला की तो मागवतो, आणि आला म्हणून लगेच दाखवत नाही. दोन-तीन तुकडे गाठीशी जमवतो, मगच पहिला दाखवायला घेतो. न जाणो, पुढचा वेळेवर आला नाही तर? आमच्या टीव्हीचा स्वभाव असा पेन्शनरी आहे.

हे तुकडे लहान करता येतात, गाठही कमी बांधता येते. तसे प्रयोग झालेले आहेत आणि उशीर पाच-सात सेकंदांवरही आणता येतो. पण मग जरा कुठे तार हलली की चित्र अडकतं. कंपन्यांनी माणसाचा स्वभाव बरोबर ओळखला आहे: उशिरा आलेलं तो पोटात घालतो, मध्येच थांबलेलं नाही.

जुन्या टीव्हीशी याची तुलना करायची तर दूरदर्शन ही पंगत होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढे वरळीचा मनोरा उभा राहिला, आम्हा पुणेकरांसाठी सिंहगडावरचा. मनोऱ्याने हाक दिली की ज्याच्या पानात पडेल त्याने खावं. पाच पानं मांडली काय आणि पाच लाख मांडली काय, आचाऱ्याला घामाचा एक थेंब जास्त यायचा नाही. मुळात पंक्तीला कितीजण बसलेत हे त्याला माहीतच नसे. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण सुरू झालं की रस्ते ओस पडत, ते मनोऱ्याला कळलंही नसेल. इंटरनेटवर मात्र पंगत नाही. इथे प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्र वाढपी. तो सारखा तुमच्या पानाजवळ येतो, किती संपलं ते बघतो आणि आत जाऊन पुढचा घास घेऊन येतो. तुमची खाण्याची चाल मंद दिसली, म्हणजे तुमचं इंटरनेट रडत असलं, की पुढची जिलबी जरा लहान आणतो. अजून मंद झालं तर जिलबीचा चुरा आणतो. मग नायिकेचं नाक आणि गाल एक होतात, आणि क्षेत्ररक्षक कोण हे चालण्याच्या ढबीवरून ओळखावं लागतं. शेजारच्या पानावर मात्र त्याच क्षणी अख्खी जिलबी पडत असते. दुसऱ्या मजल्यावरच्या डब्यात थोडी जुनी रीत शिल्लक आहे: कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून एकच प्रवाह येतो आणि फाट्याफाट्यावर त्याच्या प्रती होतात. म्हणून त्यांना विकेट आमच्या आधी.

आता कल्पना करा, १९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी पडदे तो बघत होते. म्हणजे ५.९ कोटी वाढपी! दर काही सेकंदांनी प्रत्येकाची मागणी: पुढचा तुकडा द्या. सामन्याचं काय झालं, तो विषय काढू नका. पण जाळं टिकलं, याची नोंद त्या दुःखात राहून गेली.

हे जाळं चालवणाऱ्या मंडळींची खरी भीती वेगळीच असते. आपल्याला वाटतं, गर्दी येण्याची धास्ती असेल. येण्याची असतेच, पण जाण्याची जास्त. २०१९ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, मँचेस्टर, समोर न्यूझीलंड. पावसाने सामना दुसऱ्या दिवशी गेला होता. धोनी खेळत होता तोवर २.५३ कोटी लोक चिकटून बसले होते. गप्टिलची फेक यष्टीवर बसली, धोनी धावबाद झाला आणि लोक उठले. आता लोक उठले तर सर्व्हरला बरंच की, असं आपण म्हणू. पण उठताना माणूस ॲप बंद करत नाही. मागे जायचं बटण दाबतो. मागे मुखपृष्ठ. मुखपृष्ठावर शंभर गोष्टी: तुमच्यासाठी निवडलेल्या मालिका, अर्धवट राहिलेले सिनेमे, शेकडो चित्रं. सामन्याचा तुकडा सगळ्यांना एकच असतो, मुखपृष्ठ मात्र ज्याचं त्याला वेगळं बनवून द्यावं लागतं. म्हणजे कोट्यवधी शोकाकुल माणसं एका क्षणात सर्व्हरला विचारतात: बरं, दुसरं काय आहे? या प्रश्नासाठी तिथे वेगळी जय्यत तयारी ठेवावी लागते. आपल्याकडे कोणी बाद झालं की कुठे कुठे घाम फुटतो बघा.

सिनेमा आणि मालिकांचं त्या मानाने सोपं. ते आधीच बनलेले असतात, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या जवळ नेऊन ठेवता येतात. नेटफ्लिक्सने तर स्वतःचे पेटारेच तयार केले आहेत आणि ते जगभरच्या इंटरनेट कंपन्यांच्या इमारतींत बसवून दिले आहेत. रात्री, निजानीज झाली की, उद्या लोक काय बघतील याचा अंदाज बांधून त्या पेटाऱ्यांत माल भरला जातो. म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनी जी कोरियन मालिका बघून डोळे पुसतात, ती सोलहून समुद्राखालून येत नसते. ती पहाटेच येऊन पडलेली असते, दुधाच्या पिशवीच्या आधी. आज वहिनी रडणार, हे काल रात्रीच ठरलेलं असतं.

चित्र लहान कसं करतात, हा भाग मला सगळ्यात आवडतो. दर सेकंदाला पंचवीस पूर्ण चित्रं पाठवायची म्हटलं तर आमच्या घरची तार पुरणार नाही. म्हणून २००३ साली ठरलेल्या एच.२६४ सारख्या पद्धतीत अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवतात, आणि मग पुढचं चित्र आधीच्यापेक्षा जिथे बदललं तेवढंच. भिंत तशीच असेल तर भिंत पुन्हा पाठवायची नाही. हे कळल्यापासून मी आईच्या संध्याकाळच्या मालिकेकडे आदराने बघतो. त्या मालिकेत वाडा तोच, जिना तोच, जिन्यावर उभी सासू तीच आणि तिचा संशयही तोच. एक माणूस "काय?" म्हणतो आणि पुढची दोन मिनिटं दहा जण एकमेकांकडे बघतात. बदल म्हणाल तर फक्त भुवयांचा. अशी मालिका एखाद्या कबुतराच्या पायाला बांधूनही पाठवता आली असती. दिग्दर्शकांनाही हे लक्षात येत असावं, कारण तेवढ्यासाठीच ते प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा पुढे नेतात आणि ढगांचा गडगडाट करतात. उलट, या पद्धतीचं हाडवैर पाऊस, कारंजं आणि चमचमत्या कागदाच्या कपट्यांशी. सगळंच हलतं, मागच्या चित्रातलं काही म्हणजे काही उपयोगी पडत नाही. चषक उंचावतात त्या क्षणी हजारो कपटे उडतात आणि नेमका तेव्हाच पडदा चौकोनी ठिगळांचा होतो. दोन महिने स्पर्धा बघायची आणि चषकाची गोधडी बघून झोपायचं.

या सगळ्या व्यवस्थेचं शेवटचं टोक आमच्या घरात आहे, आणि जगातला बहुतेक बिघाड त्याच टोकाला असतो. पृथ्वीप्रदक्षिणा करायला तयार असलेला तुकडा आमच्या दिवाणखान्यातल्या गोदरेजच्या कपाटापाशी येऊन हरतो. राउटर कुठे ठेवायचा, या प्रश्नावर आमच्याकडे तीन पक्ष आहेत. बायकोच्या मते ती वस्तू दिसता कामा नये. सबब कपाटाच्या मागे. मुलाच्या मते घराच्या मध्यभागी उंचावर, म्हणजे देवघराच्या माथ्यावर. त्याला आईचा विरोध. पोलादी कपाटातून लहरी धडपणे जात नाहीत आणि मायक्रोवेव्ह सुरू केला की त्याच पट्ट्यातला वायफाय गांगरतो, हे मी आकृती काढून समजावलं. परिणाम एवढाच झाला की सामना रंगात आला असताना कोणाला दूध गरम करून हवं असलं, तर ते आता गॅसवर मिळतं. राउटर कपाटामागेच आहे.

चित्र बंद पडलं की पूर्वी दूरदर्शन एक पाटी लावत असे, व्यत्ययाबद्दल दिलगिरीची. लांबलचक संगीत आणि ती पाटी. तिच्याकडे बघत माणसं जेवून घेत. चूक आमची आहे, आम्ही बघतो आहोत, तुम्ही बसा, असा तिचा भाव होता. आता त्याजागी एक वर्तुळ फिरतं. ते दिलगीर नाही. चूक कोणाची हेही सांगत नाही. उलट तुमचं इंटरनेट एकदा तपासा, असा सल्ला देतं. दिलगिरीची जागा संशयाने घेतली, ही या पन्नासेक वर्षांतली प्रगती. ग्राहक सेवेला फोन करावा तर तिथली ताई विचारते, "सर, डब्यावर लॉसचा लाल दिवा लागलाय का?" लागलाय म्हटलं तर माणूस पाठवते. नाही म्हटलं तर राउटर बंद करून चालू करायला सांगते. मध्ये तिसरं काही नाही.

लाल दिवा लागला की जो माणूस येतो, तो मात्र बघण्यासारखा असतो. आमच्याकडे येणारा दादा मूळचा केबलवाला. नव्वदीच्या सुरुवातीला स्टार आणि झी आले तेव्हा खांद्यावर शिडी घेऊन, काळ्या जाड तारेचं भेंडोळं गच्चीगच्चीवर टाकत फिरणारा पोरगा होता. तारेची वाट तीच राहिली: समोरच्या इमारतीची गच्ची, मग आंब्याची फांदी, मग आमच्या जिन्याची खिडकी. आत फक्त काच आली. पावसाळ्याआधी आंब्याच्या फांद्या छाटल्या जातात आणि दरवर्षी फांदीबरोबर ती तारही छाटली जाते. मग दादा जिन्याच्या चौकात मांडी घालून बसतो. तार सोलतो. आतून निघतो तो काचेचा धागा १२५ मायक्रॉनचा, केसापेक्षा फार जाड नाही, आणि प्रकाश जातो तो त्याच्याही गाभ्यातून, नऊ मायक्रॉनच्या. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कागदाने तो धागा पुसतो. स्वच्छ पुसला की धागा बारीक चुंईं करतो. मग एका छोट्या कातरयंत्रात ठेवून टोक सरळ तोडतो. तुटलेला इवलासा तुकडा जपून डबीत टाकतो, कारण तो पायात गेला तर दिसत नाही आणि निघत नाही. मग दोन्ही टोकं यंत्रात ठेवून झाकण लावतो. यंत्राच्या पडद्यावर ते दोन धागे भल्याथोरल्या खांबांएवढे दिसतात, आपले आपण पुढेमागे सरकून समोरासमोर येतात, मध्ये ठिणगी उडते आणि दोनाचे एक होतात. जिन्यावर तोवर सगळ्या मजल्यांची मंडळी जमलेली असतात. सांधा जुळला की वरून कोणीतरी "आलं!" म्हणून ओरडतं, आणि माणसं नाइलाजाने आपापल्या घरी जातात.

पासवर्ड हा वेगळाच विषय, आणि नाजूक. आमच्या एका सशुल्क खात्यावर एकेकाळी माझं घर, नाशिकची बहीण, तिचा न्यू जर्सीतला दीर आणि मुलाच्या कॉलेजातला एक मित्र असे सगळे एकोप्याने नांदत होते. २०१७ साली नेटफ्लिक्सने स्वतःच, पासवर्ड वाटून घेणं म्हणजे प्रेम, अशा अर्थाचं ट्विट केलं होतं. आम्ही ते फार मनावर घेतलं. २०२३ च्या जुलैत भारतातही पत्र आलं की खातं एका घरापुरतं. प्रेमाचा हिशेब झाला. नात्यातल्या माणसांना कळवायचं अवघड काम मी केलं; दिराने चार दिवस निरोपाला उत्तर दिलं नाही. खात्यात नावं तपासताना मात्र एक 'एस' निघाला. एस कोण, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एस रोज रात्री साडेअकरानंतर तुर्की मालिका बघत असे, फक्त तुर्की. मित्राला विचारलं, त्याच्या मित्राला विचारलं. कोणी पत्ता लागू दिला नाही. शेवटी नाव काढून टाकलं. चौथ्या पर्वात नायिका तुरुंगात असताना एसचं बघणं तुटलं, याचं आईला अजून वाईट वाटतं.

आणि या साऱ्याला कंटाळून लोक काय करतात? आठ ॲपचे आठ पासवर्ड, प्रत्येकाची वेगळी तारीख, ओटीपी येतो तो कॉलेजात गेलेल्या मुलाच्या फोनवर. टीव्हीवर बाणाच्या बटणाने एकेक अक्षर निवडून ईमेल टाईप करताना भलेभले भजनाला लागतात. हे सगळं ओळखून आमचा दादा गेल्या महिन्यात नवीन योजना घेऊन आला. पावतीपुस्तक तेच, फक्त आता सोबत एक रंगीत पत्रक. इंटरनेट, साडेतीनशे चॅनेल आणि वीस ॲप, सगळं एका डब्यात, महिन्याला एक रक्कम. म्हणजे मधला सगळा वळसा घालून केबलच परत आली. प्रसारभारतीनेही २०२४ साली गोव्याच्या चित्रपट महोत्सवात आपलं वेव्हज हे ॲप सुरू केलं, त्यामुळे आईचं सह्याद्रीसुद्धा आता इंटरनेटवरून येतं.

आईशी व्यवहाराची बोलणी दादाच करतो. तो अजून तिला काकू म्हणतो आणि ती त्याला अरे-तुरे. २०१९ साली दूरसंचार नियामक ट्रायने ज्याला जे चॅनेल हवे तेवढ्याचेच पैसे, असा नियम आणला होता, तेव्हा आईने वहीत हवे-नको असे दोन रकाने करून दादाला तासभर बसवून घेतलं होतं. ती वही तिने जपून ठेवली आहे. तिने पत्रक हातात घेतलं, चष्मा वर केला.

"हे कोरियन काय आहे?"

"मालिका आहेत काकू. लई चालतात."

"मला नको. हे काढून किती होतील?"

"काढता येत नाही काकू. सगळं एकत्रच आहे."

"आणि हे कुस्तीचं?"

"तेपण त्यातच."

"आणि हे लहान मुलांचं? घरात लहान कोण आहे?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी राउटरकडे पाहिलं, म्हणजे कपाटाकडे.

"बरं, नको काढूस," आई म्हणाली. "तुझ्या डब्यात पडून राहू देत. मी काही लावणार नाही. पण त्या तिघांचे पैसे वजा करून पावती फाड."

दादाने पेनाचं टोपण काढलं, पावतीपुस्तक गुडघ्यावर ठेवलं आणि विचारलं, "कुस्तीचे किती धरू काकू?"